अण्णांचा १९९९ चा ईसीजी आणि पुण्यातली गुरुवारची ओपीडी: वर्षभराचा अनुभव

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दर गुरुवारी एक ओपीडी चालते, हार्टच्या स्नायूचे जे आजार घराण्यात चालत येतात त्यांच्यासाठी. गेलं वर्ष-सव्वा वर्ष आमचं अख्खं घर तिथे जातंय, मी, दादा, वहिनी, आई, माझा मुलगा आणि भाची, म्हणजे दादाची मुलगी, म्हणून म्हटलं आता नीट बसून लिहावं. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण याआधी जिथे आमचं चुकलं त्यांचंही नाव मी घेणार नाहीये आणि मग एकाचंच घेणं मला बरोबर वाटत नाही. तिथे काय काय होतं, जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं एवढं कळलं तरी वाचणाऱ्याला उपयोग होईल. मी डॉक्टर नाही, बँकेत कॅशला बसते, पण जेवढं तिथे ऐकलं, वहीत लिहून घेतलं आणि परत परत विचारून पक्कं केलं तेवढंच लिहितेय.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आम्ही कराडचे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, २००१ मध्ये गेले, ४७ व्या वर्षी. सकाळी मळ्यात मोटर चालू करायला गेले आणि विहिरीपाशीच पडले, शेजारच्यांनी उचलून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी १५ ची, दादा १८ चा. सगळे म्हणाले अटॅक, आम्हीही तेच धरून चाललो, पोस्टमॉर्टेम वगैरे कुणाच्या मनातही आलं नाही. मग २०१२ मध्ये दादाला मोठी पॉलिसी काढायची होती तर मेडिकलला ईसीजी काढला, त्यात टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या रेषेतला शेवटचा उंचवटा, उलट्या आहेत असं लिहून आलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं छातीत दुखतं का, दादा म्हणाला नाही, विषय संपला. २०२१ मध्ये दादा रोजच्यासारखा सकाळी सदाशिवगडाच्या पायऱ्या चढत होता आणि वरच्या टप्प्यात एकदम कोसळला, अर्धा मिनिट शुद्ध नव्हती, कपाळाला टाके पडले.

आता माझी खरी तक्रार. तेव्हा ज्या हॉस्पिटलला नेलं तिथे ईसीजी बघून सगळे धावले, अटॅकचीच शंका म्हणून लगेच अँजिओ, आणि अँजिओ एकदम क्लिअर आली. इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, पण घाईत झाला, नॉर्मल लिहून दिला. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज, शिरा स्वच्छ आहेत, ब्लॉकेज नाही, उन्हात उपाशीपोटी चढलात म्हणून चक्कर आली असेल, टेन्शन घेऊ नका. आम्ही घरी येऊन देवापुढे पेढे ठेवले. पण शिरा स्वच्छ आहेत तर मग टी उलट्या का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही, आम्हालाही सुचला नाही. तीन वर्षं तशीच गेली. त्या तीन वर्षांत दादा त्याच पायऱ्या चढत होता हे आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

२०२४ मध्ये तापाच्या निमित्ताने दादा गावातल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेला, त्यांनी फाईल चाळता चाळता २०१२ ची आणि २०२१ ची ईसीजीची पट्टी शेजारी ठेवली आणि म्हणाले, अरे हे शिरांचं नाही, हे स्नायूचं वाटतंय, वडील कसे गेले तुझे? आणि चिठ्ठी लिहून दिली पुण्याला. त्या माणसाचे उपकार आम्ही फेडू शकत नाही.

ओपीडीबद्दल.

पहिल्या दिवशी आधी ईसीजी. मला वाटलं होतं तो काय पाच मिनिटांचा प्रकार, तीनशे रुपये भरा, झोपा, उठा. पण तिथल्या टेक्निशियन ताईंनी ज्या पद्धतीने काढला तो बघून मला कळलं की आतापर्यंत आमचे सगळे कसेतरीच काढलेले होते. पडदा नीट ओढला, बायकांसाठी बाईच टेक्निशियन आहे, समोरून उघडणारा गाऊन देतात. गळ्याच्या खालच्या खोबणीपासून त्यांनी बोट खाली सरकवलं, छातीच्या हाडावर एक उंचवटा लागतो, तिथून बरगड्या मोजत मोजत चौथी फट, हाडाच्या उजव्या कडेला पहिला पॉइंट, डाव्या कडेला दुसरा, मग चौथा पॉइंट पाचव्या फटीत कॉलर बोनच्या मध्यापासून सरळ खाली, आणि तिसरा या दोघांच्या मधे. मोजताना तोंडाने पुटपुटत होत्या. हातापायाचे चार चिमटे, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. मला म्हणाल्या, ताई थंडी वाजतेय का, वाजत असेल तर सांगा, थरथरलात की रेषा थरथरते. आधीच्या एका लॅबमध्ये माझा ईसीजी कुर्ता थोडासा वर करून, फुगे जिथे चिकटतील तिथे चिकटवून काढला होता, मीही लाजेने काही बोलले नव्हते. ताईंनी सांगितलं की एक-दोन फटी वर लावलं तरी पट्टीतला आकार बदलतो, आणि पुढच्या वर्षीची पट्टी याच्याशी ताडून बघायची असेल तर जागा तीच हवी. बायकांच्या बाबतीत ही चूक फार होते म्हणे, संकोचामुळे. हे मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मग डॉक्टर मॅडम. पेशंटला वेळ देणं म्हणजे काय ते तिथे बघितलं, दादाच्या पहिल्या व्हिजिटला पाऊण तास. त्यांनी आधी घराण्याचा नकाशाच काढला कागदावर, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आणि आजोबांपासून कोण कितव्या वर्षी कसं गेलं, कुणाला चक्कर यायची, कुणी पाण्यात बुडालं का, गाडी चालवताना अचानक गेलं का, सगळं विचारलं. आईला माहीत नसलेलं आत्याला फोन लावून विचारलं, तिथेच, स्पीकरवर. आत्या म्हणाली, आमचा एक काका पण असाच बैलगाडीवर बसल्या बसल्या गेला होता. हे आम्ही घरात कधीच ऐकलं नव्हतं.

दादाच्या पट्ट्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या. पट्टीवरचा एक छोटा चौकोन म्हणजे एक मिलिमीटर, आडवा मोजला तर सेकंदाचा पंचविसावा भाग आणि उभा मोजला तर व्होल्टेज, हे मला तिथे कळलं. २०१२ च्या पट्टीत चौथ्या लीडला, म्हणजे छातीवरच्या चौथ्या पॉइंटच्या रेषेत, तिला व्ही-४ म्हणतात, टी वेव्ह पाच चौकोन खाली गेलेली. २०२१ मध्ये अकरा. मॅडमनी पेन्सिलने मोजून दाखवलं, दादाने स्वतः परत मोजलं. दहा चौकोनांपेक्षा खोल उलटी टी म्हणजे हार्टचं टोक जाड झाल्याची खूण असू शकते, आणि हा प्रकार पहिल्यांदा जपानमधल्या डॉक्टरांनी १९७६ साली मांडला. हार्टचा स्नायू विनाकारण जाड होण्याच्या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात, साधारण पाचशे माणसांत एकाला असतो, म्हणजे अगदी दुर्मिळ वगैरे काही नाही, आपल्या मोठ्या गावात कितीतरी जण असतील. आईबापांपैकी एकाला असेल तर बऱ्याच घरांत प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. बहुतेकांचा मधला पडदा जाड होतो तो इकोत पटकन दिसतो, पण दादासारखं फक्त टोक जाड असेल तर घाईतल्या इकोत ते निसटतं, कारण ते टोक छातीवर धरलेल्या इकोच्या प्रोबच्या अगदी जवळ असतं आणि चित्र धूसर येतं. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसलं, १९ मिलिमीटर, आणि आतली पोकळी पत्त्यातल्या इस्पिकच्या एक्क्यासारखी. मॅडमनी स्क्रीन फिरवून दादाला दाखवली. इको नॉर्मल म्हणत होता तेव्हा, आणि त्याच्याही नऊ वर्षं आधी, तीनशे रुपयांची पट्टी खरं बोलत होती.

पण त्यांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली आणि ती मी मुद्दाम लिहितेय कारण इंटरनेटवर लोक एका पट्टीवरून निष्कर्ष काढतात. या आजारात दहापैकी नऊ जणांचा ईसीजी बिघडलेला असतो, म्हणजे एखाद्याचा चांगला पण असतो, त्यामुळे ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरातला माणूस सुटला असं होत नाही, इकोही करावाच लागतो. आणि आजार आहे का हे ओळखायला पट्टी फार कामाची असली तरी धोका किती, म्हणजे अण्णांसारखं अचानक होण्याची शक्यता किती, हे त्या एका पट्टीवरून ठरत नाही. त्याला २०१४ पासून युरोपचं एक कॅल्क्युलेटर वापरतात, त्यात वय, स्नायूची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, रक्त बाहेर पडताना होणारा अडथळा, घरात कुणी अचानक गेलंय का, होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर यंत्र अडकवून सतत काढलेल्या ईसीजीत, खालच्या कप्प्यातून जलद ठोक्यांची रांग सापडली का, आणि कारण न सापडलेली बेशुद्धी, एवढं घालतात आणि पुढच्या पाच वर्षांतल्या धोक्याची टक्केवारी येते. चार टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा ठोके धोकादायक बिघडले की आतून शॉक देणारं मशीन बसवत नाहीत, चार ते सहा मध्ये विचार करतात, सहाच्या वर गेलं तर बसवण्याकडे कल. १६ वर्षांखालच्या मुलांना हे कॅल्क्युलेटर लावत नाहीत, त्यांचं वेगळं आहे.

म्हणजे साधा बारा लीडचा ईसीजी त्यात येतच नाही, ईसीजीचा भाऊ म्हणता येईल असा होल्टर तेवढा येतो. मी विचारलं पण, की मग सगळ्यात आधी ज्याने सांगितलं तोच हिशोबात का नाही. त्या म्हणाल्या की दुसऱ्या एका आजारात येतो, ज्यात उजव्या बाजूच्या स्नायूच्या जागी चरबी आणि व्रण तयार होतात, त्याचं २०१९ चं कॅल्क्युलेटर आहे आणि त्यात किती लीडमध्ये टी उलटी आहे हे चक्क मोजून घालावं लागतं. बाहेर आमच्या शेजारी सांगोल्याकडचं एक कुटुंब बसायचं, त्यांच्या मुलीला तेच होतं, तिची आई पट्टी हातात घेऊन बोटांनी लीड मोजत बसायची. एकच कागद एका आजारात नुसता दार उघडून देतो आणि दुसऱ्यात थेट धोक्याच्या आकड्यात जाऊन बसतो, त्यामुळे वाचणारा माणूस कोण आहे याला फार किंमत आहे.

दादाचा होल्टर ४८ तासांचा केला, गळ्यात ते यंत्र अडकवून तो दोन दिवस आमच्याकडे सिंहगड रोडला राहिला, जिने चढला, झोपला, वहीत वेळा लिहिल्या. रांग वगैरे काही सापडली नाही. आता सगळा प्रश्न अण्णांवर येऊन अडकला. कॅल्क्युलेटरमध्ये घरातला अचानक मृत्यू मोजायचा असेल तर एक तर माणूस चाळिशीच्या आत गेलेला हवा, नाहीतर त्याला हाच आजार होता हे माहीत हवं. अण्णा ४७ चे. मॅडमनी विचारलं, त्यांचे काही कागद? जुना ईसीजी? काहीही?

आई म्हणाली, आहे. १९९९ मध्ये अण्णांना धडधड व्हायची म्हणून एकदा काढला होता. पुढच्या वेळी आई तो घेऊन आली, रेशमी पिशवीत, वरून लॅमिनेशन केलेलं. अण्णा गेल्यावर त्यांची आठवण म्हणून, खराब होऊ नये म्हणून तिने बाजारात जाऊन लॅमिनेट करून घेतला होता. आणि तो पूर्ण काळा होता. ईसीजीचा तो कागद उष्णतेने छापला जातो, लॅमिनेशनच्या मशीनची उष्णता लागली की सगळा कागद काळा पडतो. तेवीस वर्षं तो तसाच काळा कपाटात होता आणि आईला वाटत होतं जुना झाला म्हणून काळा पडला. मॅडमनी तो दिव्यासमोर धरून बघितला, उलटा करून बघितला, मग दोन्ही हातांनी आईला परत दिला आणि म्हणाल्या, काकू तुम्ही जपलात हो. आई तिथेच रडली. मीही.

मग आईलाच आठवलं की तेव्हा अण्णांनी विमा वाढवायचा म्हणून त्याची झेरॉक्स जोडली होती. विम्याची फाईल माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत. वहिनीने शोधली, झेरॉक्स होती, एका कोपऱ्यात गंजलेल्या पिनेचा डाग, पण रेषा जशाच्या तशा. व्ही-४, व्ही-५ ला टी उलटी, सहा-सात चौकोन. दादाच्या २०१२ च्या पट्टीवर ठेवून उजेडात धरली तर वळण तेच. मी ते बघितलं ना, तेव्हा मला अण्णांचा चेहरा दिसल्यासारखं झालं, चोवीस वर्षांनी.

मॅडम प्रामाणिक आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या पट्टीवरून अण्णांना हाच आजार होता हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, ब्लडप्रेशरनेही स्नायू जाड होतो आणि युरोपच्या व्याख्येत हे काटेकोरपणे बसणार नाही. पण अमेरिकेच्या गाइडलाइनमध्ये पन्नाशीपर्यंत गेलेला जवळचा नातेवाईक, ज्याला हा आजार बहुधा असावा, तो धरतात. म्हणून त्यांनी आमच्यासमोर दोनदा आकडे घातले. वय ४१, जाडी १९, कप्पा ४२ मिलिमीटर, बेशुद्धी हो, होल्टर नाही. अण्णांना न धरता, चारच्या जरा वर. अण्णांना धरून, साडेसहाच्या आसपास. म्हणजे ट्रंकेतल्या झेरॉक्सने दादा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला. निर्णय त्यांनी आमच्यावर लादला नाही, महिनाभर वेळ दिला, मशीनचे तोटे पण सांगितले, चुकून शॉक बसू शकतो, बॅटरी बदलावी लागते, वायरीचे प्रॉब्लेम येतात. दादाने विचार करून बसवून घेतलं, गेल्या दिवाळीनंतर. अजून एकदाही शॉक बसलेला नाही. तो आता गडाच्या अर्ध्यापर्यंत जातो आणि बसून सूर्योदय बघतो, वहिनी सोबत असते.

आता मुलांचं, कारण बहुतेक आईबापांना हेच हवं असेल.

माझा मुलगा १३ वर्षांचा. त्याचा ईसीजी आधी घराजवळच्या लॅबमध्ये काढला होता आणि मशीननेच वर ठळक छापून दिलं, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी, टी वेव्ह उलट्या, रक्तपुरवठा कमी असण्याची शक्यता. त्या रात्री मी झोपले नाही, त्याच्या छातीवर कान ठेवून बसले होते. मॅडमनी बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, हे या वयात नॉर्मल आहे. लहान मुलांमध्ये व्ही-१ ते व्ही-३ या पहिल्या तीन लीडमध्ये टी उलटी असतेच, वयात येताना हळूहळू सरळ होते, मशीनला बऱ्याचदा ते वय कळत नाही कारण लॅबवाले वय भरतच नाहीत. खरंच, त्या पट्टीवर वयाच्या जागी काहीच नव्हतं! इको पण चांगला आला. आता दर दोन वर्षांनी दोन्ही तपासण्या.

भाची १६ ची, खो-खो खेळते, जिल्ह्याच्या टीममध्ये आहे. तिचं नेमकं उलटं झालं, लॅबने नॉर्मल लिहिलेलं आणि इथे मॅडम थांबल्या. तिच्या टी उलट्या होत्या त्या व्ही-५, व्ही-६ ला, म्हणजे डाव्या बाजूच्या लीडमध्ये, फार खोल नाही, दीड-दोन चौकोन, पण त्या जागी या वयात असायला नकोत. इको नॉर्मल, एमआरआय केला तर जाडीही नॉर्मल, ट्रेडमिल टेस्ट चांगली, होल्टर चांगला. मॅडम म्हणाल्या की काही मुलांमध्ये स्नायू जाड व्हायच्या आधी काही वर्षं ईसीजी बदलतो, काहींमध्ये पुढे काही होतही नाही, आज तिला आजार आहे असं मी लिहिणार नाही पण दरवर्षी बघणार. खेळ बंद करायला सांगितला नाही. मला तर वाटलं होतं तिला घरी बसवतील, तिनेही रडून घेतलं होतं आधीच. फक्त पळताना चक्कर, छातीत दुखणं किंवा धडधड झाली की तिथल्या तिथे थांबायचं आणि कोचला हे माहीत असायला हवं, तशी चिठ्ठीच दिली कोचसाठी. इटलीमध्ये १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी कायद्यानेच काढतात आणि तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी झाले, हे मी नंतर वाचलं. आमच्याकडे जिल्ह्याच्या निवडीला मुलीचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं तर ते नाडी बघून पाच मिनिटांत मिळालं होतं. निदान ज्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय त्या घरातल्या खेळणाऱ्या मुलांचा तरी ईसीजी काढा हो, नीट माणसाकडून वाचून घ्या.

माझा स्वतःचा ईसीजी आणि इको दोन्ही चांगले. मला तीन ते पाच वर्षांनी परत यायला सांगितलंय. जाड होणं पन्नाशीतही सुरू होऊ शकतं, म्हणून एकदा नॉर्मल म्हणजे कायमचं नॉर्मल नाही.

जीन टेस्ट पण झाली दादाची. खर्च आहे, आणि आमच्या बाबतीत हाती काही लागलं नाही, रिपोर्टमध्ये कारण सापडलं नाही असं आलं. टोकाच्या प्रकारात असं जास्त होतं म्हणे. सापडलं असतं तर मुलांची तीच एक टेस्ट करून ज्याच्यात नाही त्याला मोकळं करता आलं असतं, आता सगळ्यांनाच ईसीजी-इकोवर लक्ष ठेवावं लागणार. तिथल्या जेनेटिक काउन्सेलरनी मायबीपीसी-३ नावाच्या, या आजाराशी जोडलेल्या जीनबद्दल सांगितलं, त्यातला २५ अक्षरं गळालेला एक बदल भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांमध्ये आहे, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बाकीच्यांसोबत मिळून २००९ मध्ये ते छापलं. तो दादात नव्हता. पण शंभरात चार हा आकडा ऐकून मी बँकेत रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे बघत राहिले होते.

एक छोटा मुद्दा, खिशातल्या ईसीजी मशीनबद्दल, कारण मलाही भाच्याने ते गिफ्ट दिलं आणि बरेच जण विचारतात. दोन बोटं ठेवायची आणि मोबाईलवर रेषा येते. कंपनीचं नाव घेत नाही. धडधड होत असताना लगेच पकडायला चांगलं आहे, दादाला मॅडमनी तेवढ्यासाठी वापर म्हणून सांगितलं. पण त्यात एकच लीड, छातीवरचे सहा पॉइंट नाहीत, म्हणजे आमच्या घरातलं सगळं जे व्ही-४, व्ही-५ ला दिसतं ते यात दिसणारच नाही. ॲपने हिरव्या अक्षरात नॉर्मल दाखवलं म्हणून घरच्यांची तपासणी टाळू नका.

आता अर्धा स्टार. वेटिंग भयंकर, सकाळी आठचा नंबर आणि मॅडमपर्यंत पोचायला एक वाजतो, त्यात ईसीजी एका मजल्यावर, इको दुसऱ्या, बिलिंग खाली, आईसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात. लिफ्टला रांग. कॅन्टीनची साबुदाणा खिचडी गुरुवारी दहालाच संपते. फोन कुणी उचलत नाही, अपॉइंटमेंट प्रत्यक्ष जाऊन किंवा ओळखीतून आलेल्या चिठ्ठीवर. इको, एमआरआय, होल्टर मिळून दादाचा खर्च बराच झाला, आणि मुलांच्या तपासण्या विम्यात बसल्या नाहीत कारण ते आजारी नाहीत! आजारी पडायच्या आधी बघायचं म्हणजे स्वतःच्या खिशातून, हे मला अजिबात पटत नाही आणि मी विमा कंपनीला तसं लिहिलंही आहे. रिपोर्टमध्ये मराठीत एक ओळ नाही, समजावून सांगतात ते मराठीत, छान सांगतात, पण घरी गेल्यावर आईच्या हातात राहतो तो इंग्रजी कागद.

जाणाऱ्यांसाठी, जुना जो काही ईसीजी असेल, कितीही फिकट झालेला, कुणाचाही, गेलेल्या माणसाचा पण, बरोबर न्या. नवीन काढला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर उजेडात सरळ फोटो घ्या, मूळ कागद काही वर्षांत फिकट पडू शकतो, आणि लॅमिनेशन करू नका. पट्टीवर नाव, वय, तारीख आहे का तिथेच उभं राहून बघा. कोण कितव्या वर्षी गेलं याची यादी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून आधीच लिहून घ्या. आणि अँजिओ क्लिअर आली पण ईसीजी बिघडलेलाच आहे असं असेल तर तिथून उठू नका, मग हा असा का आहे एवढं विचारा.

आईने आता एक निळी फाईल केलीय, प्रत्येकाचा वेगळा कप्पा, पहिल्या कप्प्यात अण्णांची झेरॉक्स, आणि तिच्या मागे तो काळा कागद पण ठेवलाय, तो टाकू देत नाही. भाचीची पुढची तारीख जूनमध्ये आहे, शाळा सुरू व्हायच्या आधी.

आत्याची दोन मुलं सांगलीत असतात, दोघं चाळिशीतले, एकाला जिना चढताना दम लागतो आणि पुण्यापर्यंत यायला तयार नाहीत. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे अशी घराण्याची तपासणी करणारी ओपीडी कुणाला माहीत असेल, स्वतःचा अनुभव असेल, तर कृपया इथे लिहा, मी रोज बघतेय.